एकोणिसावं बंदर

१९६६ सालच्या जानेवारीत चंद्रावती कोयंडे मुंबईहून आगबोटीनं मालवणला आली ती भांडण सोबत घेऊनच. बोटीवरून पडावात आणि पडावातून गुडघाभर पाण्यात उतरताना तिनं कपड्यांची ट्रंक खुशाल भिजू दिली. मेणकापडात गुंडाळलेलं कागदांचं बाड मात्र तिनं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं होतं.

मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या घरी तिची आई गंगू नुकतीच बाजारातून मासे विकून परतली होती. रिकामी पाटी उपडी घालून ती पाय धूत होती.

"ह्यां काय हाडलंस गो?"

"कागद, आये."

"इतके? कोणावर केस घातलंस की काय?"

"घालूची आसा. आधी साक्षीदार व्हयो, म्हणान हंय इलंय."

"कोण साक्षीदार?"

चंद्रावतीनं माडांच्या पलीकडे बोट दाखवलं. तिकडे समुद्राशिवाय काही नव्हतं.

चंद्रावती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. बाप विठोबा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य. मॅट्रिकला गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा शाळेतले मास्तर घरी येऊन विठोबासमोर हटून बसले, आणि पोरगी गिरगावात मामाकडे राहून बी.एस्सी. झाली. पुढे मुंबईतल्याच एका गणनकेंद्रात तिला प्रोग्रामरची नोकरी लागली. तिथलं कॉम्प्युटर यंत्र एका मोठ्या दालनाएवढं होतं आणि ते गार खोलीत ठेवलेलं असे. त्याला काम सांगायचं तर एकेक सूचना भोकं पाडलेल्या कार्डावर द्यावी लागे. अशा कार्डांचा गठ्ठा म्हणजे प्रोग्राम. यंत्र एक आणि मागणारे पन्नास, त्यामुळे प्रत्येक विभागाला आठवड्याची मिनिटं वाटून मिळत आणि त्या मिनिटांवरून शास्त्रज्ञ माणसंसुद्धा नळावरच्या बायकांसारखी भांडत.

तिच्या विभागाकडे काम आलं होतं कोकणपट्टीवरच्या एकोणीस लहान बंदरांचं. १९६६ सालात प्रत्येक बंदरात, दर तासाला, पाणी किती चढलेलं असेल याचे तक्ते करायचे होते. विभागप्रमुख गुरुदास तेलंग यांनी त्यासाठी पूर्वीच एक प्रोग्राम लिहून ठेवला होता. कुठलंही बंदर, कुठलंही वर्ष, कुठलाही तास सांगा, तो पाण्याची उंची देई. तीन महिने एकट्यानं खपून त्यांनी तो लिहिला होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता, जो रास्त होता.

फक्त तो फार सावकाश चाले. दर तासाला तो नव्यानं सुरुवात करी. बंदर कोणतं? त्याचे आकडे कुठे आहेत? वर्ष कोणतं? या वर्षी चंद्राची ओढ किती धरायची? वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ, आणि तितक्याच वेळा तेच प्रश्न, तीच उत्तरं.

चंद्रावतीनं हे पाहिलं आणि तिच्या मनात आलं, बंदर बदलत नाही, वर्ष बदलत नाही, बदलतो तो फक्त तास. मग जे आधीच माहीत आहे त्याचं गणित एकदाच उरकून टाकावं आणि तासावर अवलंबून आहे तेवढंच शिल्लक ठेवावं. पण एकोणीस बंदरांसाठी हे हातानं करायचं तर वर्ष जाईल आणि चुका होतील त्या वेगळ्याच. म्हणून तिनं एक निराळाच प्रोग्राम लिहिला. त्याला तेलंगांचं सूत्र द्यायचं, एका बंदराचे आकडे द्यायचे, वर्ष सांगायचं. तो भरती-ओहोटी सांगत नसे. होण्यासारखं सगळं गणित तो आधीच करून टाकी आणि जे उरेल त्याची नवी कार्डं भोकं पाडून बाहेर देई. ती कार्डं म्हणजेच एक नवा प्रोग्राम असे, त्या एका बंदरापुरता, त्या एका वर्षापुरता. त्यात शोधाशोध नाही, विचारपूस नाही. आकडे जागच्या जागी बसवलेले. चार पानांचं काम एका पानावर येई आणि पाचव्या हिश्शाच्या वेळात होई.

तेलंगांनी तो छापील कागद दोनदा वाचला.

"हा प्रोग्राम कोणी लिहिला?"

"यंत्रानं."

"यंत्र लिहीत नाही, मिस कोयंडे. यंत्र मोजतं."

"लिहायचं कसं ते मी त्याला लिहून दिलं, सर. बाकी त्यानं मोजूनच लिहिलंय."

"आणि चुकलं तर जाब कोणाला विचारायचा?"

"मला."

तेलंग वाईट माणूस नव्हते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणाच्या चुकीखाली त्यांची सही निघाली होती आणि भर सभेत त्यांना मान खाली घालावी लागली होती. तेव्हापासून माणसानं लिहिलेलं आणि आपण ओळ न् ओळ वाचलेलं, एवढ्यावरच ते सही करत. तरीही त्यांनी एक केलं. एकोणीस बंदरांचे जानेवारी-फेब्रुवारीतल्या थोड्या दिवसांचे तक्ते दोन्ही प्रकारे काढून समोरासमोर ठेवले. अठरा बंदरं शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली. एकोणिसावं जुळलं नाही. तेलंगांच्या तक्त्यात तिथली भरती वीस-पंचवीस मिनिटं उशिरा येत होती.

ते बंदर मालवण होतं.

"अठरा वेळा बरोबर येणारा प्रोग्राम मला चालत नाही," तेलंग म्हणाले. "विषय संपला."

"सर, दोन प्रोग्राम दोन उत्तरं देतायत. चूक माझ्याच प्रोग्रामची, हे कशावरून ठरलं?"

"कारण दुसरा मी लिहिलाय."

आठवडाभर चंद्रावतीनं आपलं कार्ड न् कार्ड तपासलं. चूक सापडेना. मग तिनं साचलेल्या रजेतली तीन आठवड्यांची रजा टाकली, दोन्ही प्रोग्रामांच्या छापील प्रती आणि मालवणचे दोन्ही तक्ते मेणकापडात बांधले आणि आगबोटीचं तिकीट काढलं.

"मालवणची भरती?" सगळं ऐकून झाल्यावर गंगू हसली. "तिका यंत्र कित्याक व्हया? तिथी घे, तिची पाऊणपट कर, घटकाभर कमी कर. चवथ आसली तर पाऊणपट तीन. तीन वाजूक घटकाभर आसताना भरती पुरी."

चंद्रावती चमकली. घटका म्हणजे चोवीस मिनिटं. "ही घटकाभर खंयसून इली? मामा तर नुसती पाऊणपटच करता."

"मामा मुंबयची भरती सांगता. आमची येगळी. माझ्या आवशीन माका सांगल्यान, तिका तिच्या आवशीन."

"आये, माझां यंत्र ह्यांच करता गो!" चंद्रावती पाटावरून उठलीच. "चंद्र खंय, सूर्य खंय, आमचो किनारो कसो, ह्या सगळ्याचो हिशोब कोणीतरी आधीच करून ठेवल्यान आणि तुझ्या हातात फक्त तिथी ठेवल्यान. तितकीच तुका बघूची लागता."

गंगूनं थोडा विचार केला. "म्हंजे तुझां यंत्र माझ्या आवशीचां काम करता."

"होय."

"मगे सायबाक तसां सांग."

"तो मानूचो नाय."

"कित्याक?"

"तुझ्या आवशीची सही नाय म्हणान."

आईचं गणित तिच्याच बाजूनं होतं, पण ते ढोबळ होतं. तेलंगांसमोर ठेवायचं तर तारीख, घड्याळ आणि मोजपट्टी हवी होती. दुसऱ्या दिवशी तिनं बापाकडून एक सरळ वासा मागून घेतला, त्यावर इंचाइंचाच्या खुणा पाडल्या आणि दांडीच्या खडकांत, जिथे लाट आधीच मोडून पाणी संथ होऊन आत येतं, तिथल्या एका चिरेत तो दगड ठोकून घट्ट बसवला. भरतीच्या ऐन वेळी पाणी बराच वेळ एकाच जागी राहिल्यासारखं दिसतं, त्यामुळे नेमकं शिखर डोळ्यांना सापडत नाही. म्हणून पाणी चढताना एका खुणेला लागलं की ती वेळ लिहायची, उतरताना पुन्हा त्याच खुणेला आलं की लिहायची, आणि दोहोंच्या बरोबर मधली वेळ ती भरतीची, असं तिनं ठरवलं. रोज धोंडूच्या चहाच्या दुकानात जाऊन रेडिओच्या टोल्यांवर ती मनगटी घड्याळ लावून घेई. पंधरा दिवस, एकही दिवस न चुकवता. माघातल्या चतुर्थीला तिनं पहिली वेळ टिपली.

दोन वाजून अडतीस मिनिटं. तिच्या तक्त्यात दोन पस्तीस होते. तेलंगांच्या तक्त्यात तीनला एक मिनिट कमी.

तिसऱ्या दिवशी लवू आडवा आला. लवू म्हणजे विठोबाच्या होडीवरचा जुना जोडीदार, तिला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलेला.

"चंद्रा, होडी लोटताना बायलमाणूस असां खडकार उभां ऱ्हवता, बरां दिसत नाय. दोन दिस जाळ्यात काय गावाक नाय."

"लवूकाका, तुमच्या जाळ्यात काय गावलां नाय ता माझ्या वाश्यामुळे?"

"लोक बोलतत."

"लोकांका सांगा, चंद्रा पंधरा दिस हंयच उभी ऱ्हवतली."

लवू आणखी काही बोलणार तोच पाटी घेऊन गंगू मागून आली. "काय रे लवू, हाडलेले माशे बाजारात नेता कोण? बायलाच मां? तेव्हा तुझ्या जाळ्याक काय जायना नाय?" लवू पुटपुटत निघून गेला. वाश्याला मात्र त्यानंतर कोणी हात लावला नाही.

पाचव्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला समुद्र भांगावर असतो, म्हणजे भरती अगदी बेताची. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्यातून दुपारपासून वारा सुटला होता. संध्याकाळपर्यंत ती खडकावर बसली, चार-चारदा खुणा पाहिल्या, आणि हिशोब करून पाहते तर वेळ दोन्ही तक्त्यांच्या बरोबर मध्ये. ना तिची, ना तेलंगांची.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. चार दिवस आपण म्हणतो तेच समुद्र म्हणत होता. आज तो कोणाचाच नव्हता. चुकले असेन तर? अठरा बंदरं नुसती योगायोगानं जुळली असतील तर? वही समोर होती. अष्टमीची ओळ गाळली, तर तिला आणि खडकाला सोडून कोणाला कळणार होतं?

गंगूनं पेज आणून पुढ्यात ठेवली. "भांगाच्या पाण्याचो न्याय खरो नसता," ती म्हणाली. "उधाणाची वाट बघ."

"आणि ह्यां आजचां?"

"आजचां आज दिसलां तसां. ता बदलूक तू कोण?"

चंद्रावतीनं अष्टमीची वेळ शाईनं लिहिली आणि पुढे 'वारा जोराचा, पाणी भांगाचं' एवढंच टिपलं.

नवव्या दिवशी तार आली. 'रजा रद्द. ताबडतोब हजर व्हा. तेलंग.' तार घेऊन येणारा शिपाई दारातच उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होता. तिनं त्याच्याबरोबरच पोस्टात जाऊन उत्तर लिहून दिलं: 'मोजणी अपुरी. दहा फेब्रुवारीला हजर होईन.'

खिडकीतल्या पोस्टमास्तरांनी ते वाचून चष्म्यावरून पाहिलं. "साहेबाला असं उत्तर पाठवतात का, बाई? निदान 'कृपया' तरी घाला."

"त्यांनी घातलंय का?"

पोस्टमास्तरांनी तारेचा कागद पुन्हा पाहिला आणि शिक्का मारला.

तारेची बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. विठोबा बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, जाळं शिवत बसला होता. लेकीच्या शिक्षणापायी त्यानं भावकीची बोलणी खाल्ली होती, पण तिच्याशी तो कधी दोन वाक्यांहून जास्त बोलत नसे. आज त्यानं सुई खाली ठेवली.

"तो तुझो वरचो सायब?"

"होय."

"शिकलेलो?"

"माझ्याहून जास्त."

"मगे त्याच्याशी भांडतस कित्याक? तो सांगता तां ऐक, जा. नोकरी गेली तर?"

"दुसरी बघीन."

"नाय गावली तर?"

"आयेबरोबर पाटी घेवन बाजारात बसान. पण बाबा, माझां बरोबर आसा. बरोबर आसताना चुकलंय म्हणान मी सांगूचंय नाय. तुमी वादळात होडी परती फिरवतास, तेव्हा मालकाक इचारतास?"

विठोबानं मांडीवरचं जाळं सारखं केलं. मग म्हणाला, "इचारणंय नाय." आणि सुई उचलून पुन्हा जाळ्याला लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती खडकावर गेली तेव्हा वाश्याच्या बुडाशी आणखी दोन मोठे धोंडे कोणीतरी रचून ठेवले होते. तिच्या बापाचा एक अंगठा ठेचला होता, त्याबद्दल तिनंही विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

पौर्णिमेला उधाण आलं. पाणी खुणा झपझप चढलं, झपझप उतरलं, आणि वेळ तिच्या तक्त्याशी दोन मिनिटांच्या फरकानं जुळली. त्यानंतरचे तिन्ही दिवस तसेच. पंधराव्या दिवशी वही मिटताना हिशोब स्पष्ट होता. अष्टमी सोडून चौदा दिवस समुद्र तिच्या बाजूनं होता, आणि त्या चौदाही दिवशी तेलंगांचा तक्ता वीस ते पंचवीस मिनिटं मागे होता.

आता प्रश्न उरला तो का. बोटीला अजून एक दिवस होता. तेलंगांच्या प्रोग्रामाची छापील प्रत तिनं खळ्यात पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार शिंपले ठेवले. चूक रोज सारखीच होती. रोज सारखी होणारी चूक वाऱ्यापाण्याची नसते, ती कुठेतरी लिहिलेली असते. प्रत्येक बंदराला भरती किती उशिरा पोचते याचे दोन आकडे असतात, एक चंद्राच्या ओढीचा आणि एक सूर्याच्या ओढीचा. मालवणचे दोन्ही तिला पाठ होते. ते घालून तेलंगांची वेळ येत नव्हती. मग चंद्राच्या आकड्याच्या जागी कोणाचा आकडा घातला तर येईल? तिनं यादीतल्या पहिल्या बंदरापासून सुरुवात केली. ते मुंबईच्या बाजूचं होतं, आणि पहिल्याच बंदराच्या सूर्याच्या आकड्याला वेळ बरोबर जुळली.

 मालवणचं गणित पहिल्या बंदराच्या आकड्यानं का व्हावं? ते यादीत शेवटचं. शेवटच्याचा आणि पहिल्याचा संबंध काय?

मग तिनं प्रोग्रामाचं अगदी वरचं पान ओढलं. आकडे आत घेण्याआधी यंत्राला सांगावं लागतं, कोणत्या यादीसाठी किती जागा राखून ठेवायच्या. तेलंगांनी प्रोग्राम लिहिला तेव्हा बंदरं अठरा होती. मालवण मागाहून आलं. यंत्रात एकामागून एक अशा चार याद्या होत्या, त्यांतली तिसरी चंद्राच्या उशिराची आणि चौथी सूर्याच्या. पहिलीत अठराचे एकोणीस केलेले होते. दुसरीत होते. चौथीत होते. तिसऱ्या यादीत अजून अठराच होते.

"आये!" ती ओरडली. "बाबा! हंय येवा!"

दोघंही धावत आली. कागदावर त्यांना काही दिसेना, म्हणून तिनं तोंडानं सांगितलं. "जेवणाक अठरा पाट मांडले. एकोणिसावो पावणो इलो. त्याका पाट नाय, म्हणान तो बाजूच्या पंगतीतल्या पयल्या पाटार जावन बसलो. इतक्यात त्या पंगतीचो पयलो पावणो इलो, त्यान ह्याका उठवल्यान आणि आपण बसलो. वाढपी इलो आणि मालवणचां ताट त्याच्या पुढ्यात वाढून गेलो."

"आणि तुझ्या यंत्रात?" विठोबानं विचारलं.

"माझो प्रोग्राम एका टायमाक एकच बंदर घेता. एक पावणो, एक पाट. म्हणान माझी चूक झाली नाय."

गंगूनं त्या कागदावरच्या आकड्याकडे बोट नेलं. "हो अठरा?"

"होच."

"मालवणाक पाट मांडूक इसारले," गंगू म्हणाली, आणि आजवर न पाहिलेल्या त्या साहेबाला तिनं मच्छीबाजारातलीच अशी एक शिवी हासडली की विठोबासुद्धा हसला.

दहा फेब्रुवारीला चंद्रावती तेलंगांच्या टेबलासमोर उभी होती. आधी वही, मग त्यांच्याच प्रोग्रामाचं वरचं पान. तिनं आकड्याभोवती खूणसुद्धा केली नव्हती. तेलंग वाचत खाली आले, थांबले, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कपाटातून त्यांनी मूळ कागद काढला. तिथेही अठराच होते, त्यांच्याच हस्ताक्षरात.

"मी दुरुस्त करतो," ते म्हणाले.

"आणि माझा प्रोग्राम, सर?"

"तो वेगळा विषय आहे."

संध्याकाळी त्यांनी एक टिपण पाठवलं. 'मालवणच्या आकड्यांतील फरक दूर करण्यात आला आहे.' खाली दोघांच्या सह्यांना जागा होती. चंद्रावतीनं वाचलं, आणि सही करण्याआधी हातानं दोन ओळी वाढवल्या: 'चूक मूळ प्रोग्रामातील जागा राखण्यात होती. यंत्राने लिहिलेला प्रोग्राम बरोबर होता.' मग सही केली.

तेलंगांनी तिला बोलावून घेतलं. "हे खोडा."

"नाही खोडणार, सर."

"तुमच्या वहीत अष्टमीची वेळ तुमच्या विरुद्ध जाते. ती मी पुढे करू शकतो."

"जरूर करा. म्हणूनच ठेवली आहे."

पुढच्या सोमवारी तिची बदली कार्डांना भोकं पाडण्याच्या खोलीत झाली. तिथे चार मुली दिवसभर यंत्रांवर बसून, दुसऱ्यांनी लिहून दिलेल्या ओळी कार्डांवर उठवत. आपण काय उठवतो आहोत हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, चंद्रावती राजीनामा देईल. तिनं दिला नाही. ती पाचवी खुर्ची ओढून बसली आणि पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत त्या चौघींना एका कार्डाचा अर्थ सांगितला. दुसऱ्या दिवशी दोन कार्डांचा. पावसाळ्यापर्यंत सावित्री नावाची त्यांतली सगळ्यांत अबोल मुलगी शास्त्रज्ञांचे कागद परत पाठवू लागली होती, समासात पेन्सिलनं लिहून: 'इथे कंस बंद झालेला नाही.' 'ही यादी दहाची आहे, आपण बारा आकडे दिले आहेत.' सुरुवातीला लोक चिडले. मग आपले कागद मुद्दाम तिच्याकडे जातील अशी व्यवस्था करू लागले.

ऑक्टोबरात बंदरखात्याची नवी मागणी आली. एकोणीस बंदरांच्या जोडीला बारा खाड्या, सगळ्यांचे पुढल्या वर्षीचे तक्ते, डिसेंबरच्या आत. मूळ प्रोग्रामानं ते करायचं तर केंद्राची सगळी मिनिटं दोन महिने एकाच कामाला गेली असती. संचालकांनी बैठकीत विचारलं, की फेब्रुवारीतल्या त्या टिपणावर हातानं लिहिलेल्या दोन ओळी कोणाच्या आहेत.

त्या दुपारी तेलंग कार्डांच्या खोलीत आले. पाचही यंत्रांची खडखड थांबली.

"मिस कोयंडे, तुमचा तो... प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम. अजून आहे?"

"आहे, सर. पण एक अट आहे. तो जे जे लिहील त्याच्या पहिल्या कार्डावर छापलं जाईल की हे यंत्रानं लिहिलंय, आणि यंत्राकडून लिहून घेणाऱ्या बाईचं नाव. पूर्ण नाव."

"प्रोग्रामावर असं कधी कोणी लिहितं का?"

"लिहीत नव्हते."

तेलंग दारापर्यंत गेले. मग मान हलवून निघून गेले, आणि ती मान होकाराची होती.

एकतीस प्रोग्राम यंत्रानं एका दुपारी लिहिले. सावित्रीनं गठ्ठे बांधले, चंद्रावतीनं मोजून घेतले. तेलंगांनी मात्र सही करायला साफ नकार दिला. प्रत्येक प्रोग्राम आपण स्वतः वाचणार, म्हणाले. महिनाभर ते रोज एक-दोन घेऊन बसत, ओळीवर बोट ठेवून, आकडा न् आकडा हातानं पडताळत. संध्याकाळी उठताना त्यांचे डोळे लाल झालेले असत. त्यांना एकही चूक सापडली नाही. चंद्रावतीनं त्यांना एकदाही अडवलं नाही, की घाई केली नाही.

एकतिसाव्या प्रोग्रामावर सही करून त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"पुढच्या वर्षी हे सगळे एकतीस पुन्हा तपासायचे?"

"तुमची मर्जी, सर," चंद्रावती गठ्ठे उचलत म्हणाली. "मी एकच तपासते, हे सगळे लिहिणारा."